बरणीतले पांढरे कण

श्रावणातल्या त्या शनिवारी आपण हात धुतले होते की नव्हते, हे कस्तुराबाईंना शेवटपर्यंत आठवलं नाही.

माझे वडील लोणावळ्यात डॉक्टर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ही हकिकत मी थोडी नानांच्या तोंडून ऐकली आणि बरीचशी खुद्द कस्तुराबाईंच्या. पुढे त्या आमच्या दवाखान्यात कामाला लागल्या, तेव्हा बाटल्या विसळता विसळता त्या सांगायच्या. साल एकोणीसशे सदतीस.

त्यांचं माहेर नवलाख उंबऱ्याचं, सासर वलवणचं. नवरा नथू रेल्वेत गँगमन होता. पावसाळ्यात घाटात दरड येते, म्हणून रुळांवरून गस्त घालत फिरायचं हे त्याचं काम. एकुलती मुलगी लग्न होऊन कामशेतला गेली, घरात दोघंच उरली, तेव्हा कस्तुराबाई वलवणच्या रस्त्यावरच्या फरामशेठच्या बंगल्यावर जाऊ लागल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

फरामशेठ पारशी. वलवणचं धरण बांधलं जात होतं तेव्हा ते तिथे इंजिनियर होते. काम संपल्यावर मुंबईला गेले, पण बायको वारल्यावर परत आले आणि इथेच राहिले. पासष्टीचं वय, संधिवातानं वाकडी झालेली बोटं, सोबतीला बॉबी नावाचा म्हातारा कुत्रा आणि लोबो नावाचा गोव्याचा स्वयंपाकी. शौक म्हणाल तर एकच, पाइप ओढायचा.

त्यांच्या खोलीतल्या कपाटात खालच्या फळीवर चिनी मातीच्या सात बरण्या होत्या. मुंबईहून विलायती तंबाखू आणून ते बरणीत भरत, झाकणाभोवती मेण ओतत आणि पंधरा-वीस वर्षं तशीच ठेवत. तंबाखू जितकी जुनी होईल तितकी मऊ लागते, असं त्यांचं म्हणणं. पहिली बरणी त्यांनी चौदा साली भरली होती. धरणावरचा त्यांचा एक गोरा मित्र लढाईवर निघाला, त्याच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून. तो मित्र परत आला नाही. प्रत्येक बरणीवर साल लिहिलेली चिठ्ठी होती, पण लोणावळ्याच्या ओलीत कसर लागली आणि सगळ्या चिठ्ठ्या चाळणीसारख्या झाल्या. कुठली बरणी कुठल्या सालची, हे आता शेठनाही सांगता येत नव्हतं.

ही ओल म्हणजे कस्तुराबाईंचं खरं काम. जून ते सप्टेंबर त्या बंगल्यात निखाऱ्यांची शेगडी घेऊन खोलीखोलीतून हिंडत. बुटांवर हिरवी बुरशी, चामड्याच्या पट्ट्यावर करडी, पुस्तकांवर पांढरी. कुठली बुरशी नुसत्या फडक्यानं जाते आणि कुठलीला रॉकेलचा बोळा लागतो, हे त्यांना बघताक्षणी कळे.

त्या श्रावणात लोबो रजेवर गावी गेला होता. स्वयंपाकापासून सगळं कस्तुराबाईंवर. त्यातच कोठीच्या खोलीत उंदीर झाले. पिठाचं पोतं कुरतडलं, पुस्तकांचे पुठ्ठे खाल्ले. शेठचा सक्त हुकूम होता की बॉबीसाठी घरात विष आणायचं नाही. सापळे लावले, त्यात काही अडकेना. कस्तुराबाईंनी लहानपणी प्लेग पाहिलेला. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं उघडी टाकून रानात झोपड्या घालून राही. त्यांचा एक भाऊ त्या झोपडीतच गेला. 

शनिवारी सकाळी त्या बाजारात गेल्या आणि कुणाला न सांगता उंदरांसाठी सोमलाचं विष घेऊन आल्या. औषधवाल्यानं एका जाड वहीत त्यांचा अंगठा घेतला.

"सरकारचा नियम आहे, बाई. आणि जपून हं. दिसायला साखरेसारखं, ह्याला चव नाही की वास नाही."

दुपारी चारच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या मागं पडवीत बसून त्यांनी पीठ, गूळ आणि सोमल पळसाच्या पानावर मळलं. बारा गोळ्या वळल्या. तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"कस्तुरा! ए कस्तुरा! किती वेळ लावते?"

त्या उठल्या. पदराला हात पुसल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. पण ते हात घागरीवर धुऊन ओले झाले होते म्हणून पुसले, की पीठ लागलं होतं म्हणून, हे मात्र आठवत नव्हतं.

शेठना नवी बरणी उघडायची होती. "कुठलीपण आण. सगळ्या सारख्या, मला काय माहीत आता!" बोटांमुळे त्यांना मेण कापता येत नसे. कस्तुराबाईंनी पुढची बरणी आणली, सुरीनं मेण काढलं, झाकण फिरवलं. आत दाबलेल्या तंबाखूच्या चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या होत्या. वरची पट्टी त्यांनी काढली, रोजच्यासारखी तळहातावर चुरली आणि पाइपात भरून दिली. बाहेर पाऊस, आभाळ भरलेलं, व्हरांड्यात अंधार. बरणीत काही बघायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नाही. मग त्या मागं गेल्या, गोळ्या कोठीच्या खोलीत ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि घरी आल्या.

रविवारी सकाळी बंगल्यावर पोचल्या तर बॉबी दारात भुंकत होता आणि फरामशेठ न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. उलट्या, जुलाब, पोटात पेटके. ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले. कस्तुराबाईंनी त्यांना कसंबसं पलंगावर नेलं आणि पावसात भिजत नानांकडे धावल्या.

नानांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, काल काय काय खाल्लं ते विचारलं. भात, डाळ, अंडी. तेच कस्तुराबाईंनीही खाल्लं होतं, अंडी सोडून.

"घरात विषारी काही आहे का, बाई? उंदराचं औषध वगैरे?"

नाना हा प्रश्न अशा वेळी नेहमीच विचारत, पण कस्तुराबाईंना ते कुठलं माहीत असायला! शेठ पलंगावरून त्यांच्याकडेच बघत होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

नानांनी औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहा म्हणाले आणि संध्याकाळी येतो सांगून गेले. ते फाटकाबाहेर पडले मात्र, कस्तुराबाई कोठीच्या खोलीत गेल्या आणि गुडघ्यांवर बसून गोळ्या गोळा केल्या. अकरा सापडल्या. पोत्यांमागं, फळीखाली, कोनाड्यात, सगळीकडे हात घातला. बारावी मिळाली नाही. त्या पळत बाहेर आल्या. बॉबी शेठच्या पलंगाखाली पाय पसरून झोपला होता. त्याचं पोट वरखाली होत होतं. गोळ्या आणि सोमलाची उरलेली पुडी त्यांनी फडक्यात बांधून अडगळीतल्या डब्यात खुपसून ठेवली.

ऊन असं नव्हतंच, पण दुपारी आभाळ जरा उजळलं. व्हरांडा झाडायला गेल्या तेव्हा बरणीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. बसवायला म्हणून त्यांनी उचललं आणि त्यांचे हात तिथंच थांबले.

काल वरची पट्टी काढली होती, तिच्या खालच्या पट्टीवर पांढरे कण होते. बारीक, मिठासारखे. बरणी उजेडाकडं कलती केली तशी ते चमकले. बुरशी नव्हती ती. बुरशीला लव असते, बोट लावलं की पुसते, नाकाला कुबट वास येतो. हे कण टणक होते, पट्टीला धरून बसले होते, आणि वास तर गोडसर मनुकांचा येत होता.

कस्तुराबाईंनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"माझ्याच हातानं गेलं ते," त्या मला सांगायच्या. "दुसरं कुनी शिवलंच नव्हतं त्या बरनीला. लोबो गावाला, शेठची बोटं तशी. मीच मळलं, मीच चुरलं, मीच भरून दिलं."

एवढे कण हाताला लागलेल्या पिठातून येतील का, हा विचार त्यांना सुचला नाही. भ्यालेल्या माणसाला कुठलं सुचतंय! त्यांनी बरणी पदराखाली घेतली, शेजारच्या बंगल्यात कामाला असलेल्या नंदाबाईला घटकाभर शेठपाशी बसवलं आणि घरी गेल्या.

नथू नुकताच गस्तीवरून आला होता. अंगावरचं ओलं घोंगडं त्यानं वळचणीला टाकलं होतं. बायकोचा चेहरा बघून तो उठून उभाच राहिला. त्यांनी सगळं सांगितलं. तो बरणीला हात न लावता लांबूनच बघत राहिला.

"कुनी बघितलं का आनताना?"

"न्हाई."

"मग जा, धरनात टाकून ये. आत्ताच्या आत्ता. पानी काठोकाठ हाय, तळाला गेली की गेली."

"आन इचारलं तर?"

"फुटली म्हनायचं. कुत्र्यानं पाडली म्हनायचं. अगं, तुझा अंगठा हाय त्या वहीत. फौजदार पैल्यांदा ती वही उघडंल. शेठचं काय बरंवाईट झालं तर फासावर जाशील. माझी नोकरी जाईल ती निराळीच."

कस्तुराबाई धरणाच्या काठापर्यंत गेल्या. पाणी खरंच काठोकाठ होतं. वाऱ्यानं लाटा बांधावर आपटत होत्या. बरणी हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. टाकली तर सुटले, असं एकदा वाटे. मग वाटे, टाकली तर शेठच्या पोटात काय गेलंय हे डॉक्टरला कधीच कळायचं नाही. आणि समजा, सोमल नसलंच तर? मग आपण आपल्या हातानं आपल्याला खुनी ठरवलं. त्यांनी बरणी परत पदराखाली घेतली, बंगल्यावर आल्या आणि जळणाच्या खोपटात लाकडांमागं ठेवून दिली.

नाना संध्याकाळी येऊन गेले. उलट्या कमी झाल्या होत्या, पेटके होतेच. "रात्र महत्त्वाची आहे," असं काहीतरी ते नंदाबाईशी बोलत होते. कस्तुराबाई दारामागं उभ्या होत्या. आता सांगावं, आता सांगावं म्हणेपर्यंत नानांची छत्री फाटकाबाहेर गेली.

सोमवारी सकाळी शेठ जिवंत होते. पण तेवढ्यानं कस्तुराबाईंना चैन पडेना. सोमलानं माणूस चार-चार दिवस झिजतो असं त्यांनी ऐकलं होतं. खात्री करायला हवी होती, आणि ती करायची कशी? आधी त्यांना बॉबी आठवला. एक कण गुळात घालून द्यायचा. बॉबी शेपूट हलवत जवळ आला, त्यांच्या हाताला नाक लावलं, आणि त्यांनी त्याला दूर ढकललं. मग घरची कोंबडी मनात आली. तिनं काय घोडं मारलं होतं?

त्यांना मिश्रीची सवय होती. सकाळ-संध्याकाळ भाजलेली तंबाखू दातांना लावल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नसे. तंबाखूनं आपल्याला काही होणार नाही, झालं तर त्या कणांनीच होईल, असा त्यांनी हिशेब केला. बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून सुईच्या टोकानं त्यांनी पट्टीवरचे पाच-सहा कण खरवडले. त्याआधी नंदाबाईला सांगून आल्या होत्या, "संध्याकाळी मी दिसले न्हाई तर आमच्या म्हशीला पानी दाखव आन कामशेतला पोरीला निरोप धाड." नंदाबाईनं, का गं, म्हणून विचारलं. त्या तशाच माघारी फिरल्या.

कण जिभेवर ठेवले. आधी वाळूसारखे लागले. मग विरघळले. थोडे गोड, मागाहून आंबूस, जुन्या चिंचेसारखे.

औषधवाल्याचं बोलणं त्यांना आठवलं, ह्याला चव नाही. मग ही चव कशाची? तंबाखूची असेल. गुळाची असेल, गोळीत गूळ होताच की! त्या तशाच बसून राहिल्या. पोटात जरा गुरगुरलं की त्या पायरी घट्ट धरत. कपाळाला घाम आला. तो भीतीचा की विषाचा, कळायला मार्ग नव्हता. मग उठून शेठना पाणी पाजलं, अंथरूण बदललं, शेगडी पेटवली. दर थोड्या वेळानं त्या आरशात ओठांचा रंग बघून येत. दुपारी नाना आले तेव्हा त्यांनीच विचारलं, "बाई, तुमचं काय? चेहरा उतरलाय." त्या म्हणाल्या, "जागरन झालं."

संध्याकाळ झाली आणि त्यांना काही झालं नाही. तेव्हा वाटायला लागलं, पाच-सहा कणांनी काय होणार? मंगळवारी सकाळी त्यांनी चिमूटभर घेतले.

त्या दिवशी शेठ उशीला टेकून बसले. थोडी पेज घेतली. नाना त्यांची नाडी बघत असताना ते म्हणाले, "कस्तुरा, माझी पाइप आण. आणि ती नवी बरणी कुठे ठेवला?"

"आज पाइप नको," नाना म्हणाले.

"अरे डॉक्टर, नुसता वास तर घेऊ दे!"

कस्तुराबाई हलल्या नाहीत. शेठनी परत हाक मारली. तेव्हा त्या खाली बसल्या, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. सोमल, वहीतला अंगठा, बारा गोळ्या, पदराला पुसलेले हात, बरणीतले कण. "डाक्तरसाहेब, मी खोटं बोलले. इचारलंत तवा न्हाई म्हनले. फौजदाराला बोलवा. पन आधी शेठला त्यावरचं औषिध द्या."

फरामशेठ पांढरेफटक पडले. पण त्यांच्या तोंडून पहिलं निघालं ते वेगळंच. "साला, बॉबी खाता तर? मी सांगितला होता ना, विष नाय आणायचा घरात? सांगितला होता ना?" ते इतक्या जोरात ओरडले की त्यांना ठसका लागला. "जा, समोरून जा माझ्या!"

नानांनी त्यांना झोपवलं आणि कस्तुराबाईंना म्हणाले, "बरणी आणा. आणि उरलेली पुडीपण."

स्वयंपाकघरातली शेगडी त्यांनी मागच्या पडवीत मोकळ्यावर ठेवायला लावली. सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. फरामशेठसुद्धा भिंतीला धरत दारापर्यंत आले. नानांनी पुडीतली अगदी चिमटीभर पूड लांब दांड्याच्या पळीतून निखाऱ्यावर टाकली. पांढरा धूर उठला आणि लसणीचा वास सुटला. सोललेल्या लसणीचा, तिखट.

"हा सोमल," नाना म्हणाले. "आता हे बघू."

त्यांनी पट्टीवरचे कण चाकूनं खरवडून कागदावर घेतले, चांगले दोन चिमटी, आणि दुसऱ्या निखाऱ्यावर सोडले.  कण तडतडले, वितळले, फुगून काळे झाले. वास आला तो पाक करपल्याचा.

"लसूण?" नानांनी विचारलं.

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "गूळ जळल्यावानी."

"साखर आहे ही, बाई. तंबाखूतून निघालेली. सोमलाचा ह्यात अंशसुद्धा नाही. आणि शेठना झालंय ते पाण्यातून. पलीकडच्या दोन बंगल्यांत कालपासून असेच पेशंट आहेत, तिघांची विहीर एकच. आज सकाळी कळलं मला."

कस्तुराबाईंना बरं वाटायला हवं होतं. त्या म्हणायच्या, तसं काही वाटलं नाही. पडवीच्या खांबाला धरून त्या खाली बसल्या, तेवढंच. बारावी गोळी तिसऱ्या दिवशी कळली, कोठीतल्या पोत्यामागून मेलेल्या उंदराची घाण सुटली तेव्हा.

फरामशेठ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाणी मागायचं तरी भिंतीकडं बघून मागत. आता घरी बसा म्हणतील, या धास्तीनं कस्तुराबाई रोज अर्धा तास लवकर येत. तिसऱ्या दिवशी शेठनी हाक मारली. टेबलावर बरणी होती आणि हातात भिंग.

"इकडे ये. बघ."

भिंगाखाली ते कण लांबट, काचेच्या तुकड्यांसारखे दिसत होते. शेठनी सांगितलं की पानाच्या अंगातच साखर असते. पट्ट्या दाबून वर्षानुवर्षं बंद ठेवल्या की ती हळूहळू बाहेर येऊन अशी जमते.

"मधावानी," कस्तुराबाई म्हणाल्या. "ठाकरवाडीच्या बाया मध आनत्यात, त्यो थंडीत असाच दानेदार व्हतो."

"बस, तेच!" शेठ पहिल्यांदा हसले. मग त्यांचा आवाज खाली आला. "कस्तुरा, एवढे कण म्हणजे लय जुनी. मला वाटते ही चौदाची. त्याच्यासोबत भरलेली. आणि मी साला कुठलीपण आण म्हणून उघडला."

खात्री करायला त्यांनी बाकीच्या सहाही बरण्या उघडायला लावल्या. चारांत एकही कण नव्हता. पाचवीत थोडे होते, सहावीत शोधून शोधून दोन-तीन सापडले. शेठनी मान डोलावली. ठरलंच मग, पहिली तीच.

कस्तुराबाई प्रत्येक बरणी बंद करण्याआधी सवयीनं नाकाशी नेत होत्या. चार बरण्यांचा वास नाकाला झोंबला, नवी मिश्री झोंबते तसा. कणांच्या दोन्ही बरण्यांचा मनुकांचा. पण सहावी बरणी त्यांनी हुंगली आणि परत हुंगली. झोंबणं नावाला नव्हतं. बंद पेटीतल्या जुन्या कापडासारखा, आत कुठंतरी किंचित आंबूस, असा दमलेला वास होता. त्यांनी बरणी खाली ठेवली. गप्प बसावं असं त्यांच्या मनात आलं. आताच कुठं बोलायला लागलेत, त्यांना जे मानायचंय ते मानू द्यावं. पण नुकतंच एकदा न बोलण्यापायी काय झालं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या.

"शेठ, रागावू नगा. ही जास्ती जुनी हाय."

"तिच्यात कण कुठे आहेत?"

"कन नसतील. पन वास म्हातारा हाय. तुमच्या त्या बरनीला अजून गोडी हाय. हिची सरत आली."

शेठनी भिंग ठेवून दिलं. पानात मुळात साखर किती होती, भरताना ओल किती होती, मेण कसं बसलं, त्यावर कण येणं-न येणं असतं, हे त्यांना माहीत होतं. इतका वेळ आठवायचं नव्हतं, एवढंच. त्यांनी सहावी बरणी जवळ ओढली, वाकड्या बोटांनी वरची पट्टी उचलायला गेले आणि तसेच थांबले.

त्या बरणीतल्या पट्ट्या आडव्या रचलेल्या नव्हत्या. कपाटात पुस्तकं लावतात तशा उभ्या, एकीला एक घट्ट लावून बसवलेल्या होत्या.

"असा त्यानं भरला," ते म्हणाले. "मी म्हणाला, आडव्या ठेव, जास्ती मावते. तो ऐकला नाय."

मग ते बरणीच्या काठाला धरून खाली वाकले. कस्तुराबाईंना वाटलं, त्यांना परत त्रास होतोय. त्या पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहिल्या.

"भर," शेठ म्हणाले.

कस्तुराबाई मागं गेल्या. साबणानं हात धुतले, राखेनं धुतले, परत साबणानं धुतले. येऊन त्यांनी एक उभी पट्टी काढली. ती हातात भुगा झाली. पाइप भरला, काडी लावली. शेठनी डोळे मिटून दोन झुरके घेतले.

"कशी हाय?"

"फिकी झाली थोडी," ते म्हणाले आणि शेवटपर्यंत ओढली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कस्तुराबाई बंगल्यावर हजर होत्या; कालचा पाइप पुन्हा त्यांच्याच हातचा होता. खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या. आत खोकला झाला. पलंग करकरला. मग बराच वेळ काहीच नाही. नथू गस्तीवर जाता जाता फाटकाशी थांबला आणि त्यानं हातानंच विचारलं, काय? त्यांनी मान हलवली, अजून कळलं नाही म्हणून. बॉबी उठून अंग झाडत बाहेर आला. त्याच्या मागोमाग चपला ओढल्याचा आवाज आला आणि शेठ दारात उभे राहिले.

"इथे काय बसलीस, कस्तुरा? चहा टाक."